‘नाहीतरी टाकूनच द्यायचे आहेत’ एवढं कारण पुरतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून मूल मिळवण्याचा, उपचार संपल्यावर उरलेले गोठवलेले भ्रूण कधीतरी टाकूनच द्यायचे असतील, तर ते स्टेम सेल संशोधनाला देण्यात नैतिक अडचण ती काय? आणि हल्ली त्वचेच्या पेशींपासूनही तशाच पेशी बनवता येतात, मग हा जुना वाद मिटला असं धरून चालायचं का?

अडचण आहे आणि वादही मिटलेला नाही. पण भ्रूणाच्या नैतिक दर्जावर, म्हणजे त्याला माणूस मानायचं का यावर, जेवढी शाई खर्च झाली तेवढी संमतीपत्रावर आणि स्त्रीबीज देणाऱ्या बाईवर झाली नाही, आणि प्रत्यक्ष घोळ झाले ते बहुतेक तिथेच. माझं सगळं उत्तर या एका तक्रारीभोवती फिरतं.

मी भ्रूणतज्ज्ञ आहे. डॉक्टर स्त्रीबीजं काढून देतात, त्यानंतरचं सगळं, म्हणजे फलन, वाढ, गोठवणं, वितळवणं, माझ्या टेबलावर होतं. संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवरही बरीच वर्षं बसले आहे. मी या संशोधनाच्या बाजूची आहे हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल ठाऊक असेल.

आधी नेमकं काय करतात ते. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेत असतो. साधारण शंभर-दोनशे पेशींचा, द्रवाने भरलेला पोकळ गोळा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा. बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते. आत एका बाजूला चिकटून पेशींचा पुंजका असतो, त्यापासून शरीर बनतं. हा पुंजका काढून योग्य माध्यमात वाढवला की भ्रूणजन्य स्टेम सेल मिळतात. त्या जवळजवळ अमर्याद विभागत राहतात आणि शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतात. पुंजका काढला की भ्रूण संपतो, इथेच सगळा वाद आहे. उंदरात हे १९८१ मध्ये जमलं. माणसात १९९८ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांच्या गटाला. त्यांनी चौदा भ्रूणांमधले पुंजके वेगळे केले, त्यातून पाच पेशीमालिका, म्हणजे प्रत्येकी एकाच पुंजक्यापासून वाढत राहिलेले पेशींचे संच, टिकल्या. अशी मालिका एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं वाढवता येते, जगभर वाटता येते. त्यामुळे दर रुग्णामागे एक भ्रूण असा हिशेब इथे नसतो. विरोधक आणि समर्थक दोघंही हे विसरतात.

आता ‘नाहीतरी’वाला युक्तिवाद. फाशीची तारीख ठरलेल्या कैद्याची मूत्रपिंडं, ‘तो नाहीतरी मरणारच आहे’ म्हणून आदल्या रात्री काढून घेतलेली आपल्याला चालतील का? अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णावर त्याला न विचारता प्रयोग केलेले चालतील का? म्हणजे जो भ्रूणाला माणूस मानतो त्याला हा युक्तिवाद पटणार नाही, आणि जो मानत नाही त्याला त्याची गरजच नाही. तरी तो इतका लोकप्रिय आहे, कारण त्याच्या आडून मुख्य प्रश्नाला हात न लावता पुढे सटकता येतं. त्यात तथ्याचा एक कण आहे, तो एवढाच: जोडप्याने भ्रूण पुढे न वापरण्याचं ठरवलं की तो कुणाच्या गर्भाशयात जाणार नाही हे पक्कं झालेलं असतं, संशोधनामुळे त्यात फरक पडत नाही. पण हे खरं ठरायचं तर तो निर्णय आधी आणि वेगळा झालेला हवा. या मुद्द्याकडे पुन्हा येईन.

मग दर्जाचं काय? कॅथलिक चर्चची भूमिका सरळ आहे: फलनापासून माणूस. ज्यू परंपरेत गर्भाशयाबाहेरच्या भ्रूणाला फारसा दर्जा नाही, आणि पहिल्या चाळीस दिवसांचा गर्भही वेगळा मानला जातो. इस्लाममधले अनेक विद्वान प्राण फुंकला जाण्याचा क्षण चाळीस किंवा एकशेवीस दिवसांनंतर मानतात. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुशीत झाला की त्याला गर्भ म्हटलं आहे. यातल्या ‘कुशीत’ या अटीवरून प्रयोगशाळेच्या डिशमधला भ्रूण सुटतो असं कुणी म्हणेल, तर जीव संयोगातच आला म्हणून सुटत नाही असं दुसरा म्हणेल. ज्यांच्यासमोर डिश कधी आलीच नव्हती त्यांच्या तोंडी आपली उत्तरं घालू नयेत, एवढंच मला वाटतं.

धर्म बाजूला ठेवून केलेल्या युक्तिवादांतही बरेच ठिसूळ आहेत, आणि त्यातले काही माझ्याच बाजूचे आहेत. एक नेहमीचा: क्लिनिकला आग लागली, एकीकडे पाच वर्षांचं मूल आणि दुसरीकडे भ्रूणांचा ट्रे, एकच वाचवता येईल, तर? सगळे मूल उचलतात. ठीक आहे. पण आगीत मी स्वतःच्या मुलाला आधी वाचवीन, त्यावरून शेजारच्या मुलावर प्रयोग करायची परवानगी मला मिळत नाही. दुसरा: निसर्गात कितीतरी भ्रूण रुजण्याआधीच नष्ट होतात. होतात खरे, प्रयोगशाळेत आम्ही रोज बघतो. पण बालमृत्यू भरमसाट होते त्या काळातही बाळाचा जीव घेणं हा गुन्हाच होता.

मला पटतं ते असं. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर प्रिमिटिव्ह स्ट्रीक नावाची एक रेषा उमटते आणि शरीराचा अक्ष ठरतो. तोवर एकाचे दोन भ्रूण होऊ शकतात, एकसारखी जुळी तशीच होतात. एक की दोन हेच अजून ठरलेलं नाही, त्याला ‘एक व्यक्ती’ म्हणणं मला जड जातं. पाच दिवसांच्या भ्रूणात मज्जासंस्थेचा मागमूस नसतो, त्यामुळे वेदनेचा प्रश्न येत नाही. राहिली क्षमता. ती खरी आहे, पण डिशमधल्या भ्रूणाची क्षमता कुणा बाईने त्याला आपल्या पोटात जागा देण्यावर अवलंबून आहे, आणि तशी सक्ती कुणावरही करता येत नाही. म्हणून मी दर्जा हळूहळू वाढत जातो असं मानते. सुरुवातीला तो थोडा असतो, पण शून्य नसतो.

शून्य नसतो म्हणजे काय, हे विरोधक बरोबर विचारतात. ज्याला नष्ट करता त्याचा ‘आदर’ करता, ही कुठली रीत? माझं उत्तर कामातून आहे. जे उंदराच्या पेशींवर किंवा आधीच्या मालिकांवर कळू शकतं त्यासाठी नवा भ्रूण मागायचा नाही. लागतील त्याहून जास्त मागायचे नाहीत. भ्रूणाची खरेदी-विक्री नाही. प्रस्तावात ‘पुरेसे भ्रूण’ असं मोघम लिहून आलं की मी तो परत पाठवायचे. किती आणि का, हे सांगता येत नसेल तर प्रयोगाची आखणीच झालेली नाही.

चौदा दिवसांची मर्यादा याच विचारातून आली. तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये ती सुचवली, १९९० मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. ही मर्यादा म्हणजे निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. वेगवेगळं मानणाऱ्या माणसांना एकत्र राहता यावं म्हणून आखलेली ती रेघ आहे, आणि त्या कामात ती उत्तम ठरली. गंमत अशी की तीन दशकं ती पाळणं फार सोपं होतं, कारण तिथवर भ्रूण कुणाला जगवताच येत नव्हते. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कमधल्या दोन गटांनी बारा-तेरा दिवसांपर्यंत मजल मारली आणि नियमामुळे थांबले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टेम सेल संशोधन संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या सरसकट बंदीच्या यादीतून चौदा दिवसांपलीकडची वाढ काढली. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने मर्यादा अठ्ठावीस दिवसांवर नेण्याची शिफारस केली. वैज्ञानिक कारणं खरी आहेत: अवयवांची पायाभरणी त्याच दोन आठवड्यांत होते, कितीतरी गर्भपातांचं आणि जन्मजात व्यंगांचं मूळ तिथे आहे, आणि तो काळ आपल्याला जवळपास दिसतच नाही. तरीही कुंपणापर्यंत पोहोचल्यावर ज्यांना पलीकडे जायचं आहे त्यांनीच ते हलवायचं, हे मला रुचत नाही. हलवायचं असेल तर संसदेत, उघडपणे आणि वेळ घेऊन हलवावं.

आता संमतीकडे. माझ्या मते सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे.

जोडपं उपचाराला येतं तेव्हा एका बैठकीत ढीगभर कागदांवर सह्या करतं. त्यातच कुठेतरी ‘उरलेले भ्रूण संशोधनासाठी वापरण्यास आमची हरकत नाही’ अशी एक ओळ असते. त्या दिवशी त्या दोघांना मूल हवं असतं, बाकी काहीही दिसत नसतं. समोर बसलेल्या डॉक्टरला नाराज करायची त्यांची हिंमत नसते. ही सही कायद्याने संमती असेल, माझ्या लेखी ती संमती नाही. नीट पद्धत अशी: उपचार संपल्यावर आधी एवढंच विचारायचं की हे भ्रूण तुम्हाला पुढे वापरायचे आहेत का. नको म्हणाले, तर मग वेगळ्या दिवशी, उपचार न करणाऱ्या वेगळ्या माणसाने पर्याय सांगायचे: दुसऱ्या जोडप्याला देणं, संशोधनाला देणं, वितळवून संपवणं, किंवा काहीच न ठरवता ठेवून देणं. वर म्हटलेला ‘आधी आणि वेगळा निर्णय’ तो हा.

आणि संशोधनाला द्यायचं म्हणजे नक्की काय, हेही सांगायला हवं. तयार झालेली पेशीमालिका तुमच्या हयातीनंतरही वाढत राहू शकते. तिच्यात तुम्हा दोघांचा जनुकीय वारसा असतो. त्यावर कंपन्या औषधं बनवतील, नफा कमावतील, तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही. मालिका बनेपर्यंत संमती मागे घेता येते, बनून वाटली गेल्यावर व्यवहारात येत नाही. हे सगळं स्वच्छ सांगितल्यावरही बरीच जोडपी ‘हो’ म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. म्हणून तर अर्धवट सांगून मिळवलेल्या ‘हो’चा मला राग येतो. फुकट मिळणारी गोष्ट चोरल्यासारखं आहे ते.

हा कल्पनेतला दोष नव्हे. अमेरिकेत ९ ऑगस्ट २००१ ला अध्यक्ष बुश यांनी ठरवलं की सरकारी पैसा फक्त त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या मालिकांवर खर्च होईल. साठाहून अधिक मालिका आहेत असं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात वापरता येण्याजोग्या एकवीसच निघाल्या. तत्त्वज्ञ रॉबर्ट स्ट्रायफर यांनी या मालिकांची मूळ संमतीपत्रं मागवून वाचली आणि २००८ मध्ये दाखवून दिलं की त्यातल्या कित्येक नीट माहितीवर आधारलेल्या संमतीच्या कसोटीला उतरत नाहीत. सात वर्षं देशभर भ्रूणाच्या दर्जावर रणं माजली होती, आणि भ्रूण देणाऱ्यांनी नेमकी कशाला संमती दिली हे तपासायची फारशी कुणाला आठवण नव्हती!

जर्मनीचा मार्ग त्याहून कोड्यात टाकणारा. तिथे १९९० च्या कायद्याने भ्रूण नष्ट करायला बंदी. २००२ च्या कायद्याने परदेशात १ जानेवारी २००२ पूर्वी बनलेल्या मालिका आणायला मुभा. हेतू समजतो: आमच्या मागणीसाठी बाहेरही भ्रूण नष्ट होऊ नयेत. पण जुन्या मालिका कमी पडू लागल्या, तेव्हा २००८ मध्ये तारीख १ मे २००७ अशी पुढे सरकवली. दुसऱ्याने केलेलं कृत्य चुकीचं मानायचं आणि त्याचं फळ ठरावीक तारखेपर्यंतचं घ्यायचं, हा तोल फार काळ सांभाळता येत नाही. एकतर फळही नाकारावं, नाहीतर जबाबदारीत वाटा उचलावा.

स्त्रीबीजांची गोष्ट सगळ्यात कडू आहे. रुग्णाच्याच जनुकांच्या स्टेम सेल हव्यात म्हणून क्लोनिंगने, म्हणजे स्त्रीबीजातलं केंद्रक काढून तिथे रुग्णाच्या पेशीचं बसवून, भ्रूण बनवायचे, तर ताजी स्त्रीबीजं लागतात, आणि पुष्कळ लागतात. ती काढायला बाईला रोज हार्मोन्सची इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग भूल देऊन सुईने बीजं काढतात. क्वचित अंडाशय प्रमाणाबाहेर सुजून पोटात पाणी साचतं, रुग्णालयात ठेवावं लागतं. उपचारासाठी हे सोसणाऱ्या बाईला बदल्यात मुलाची आशा असते. संशोधनासाठी देणारीला काय? दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये अशा मालिका बनवल्याचं जाहीर केलं आणि ते राष्ट्रीय नायक झाले. पुढे ते काम बनावट निघालं, जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. चौकशीत दिसलं की शंभराहून अधिक बायकांकडून दोन हजारांहून अधिक बीजं घेतली गेली होती, काहींना पैसे दिले होते, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या दोन कनिष्ठ संशोधक मुली होत्या. लोकांच्या लक्षात राहिला तो बनावट डेटा. मला त्या दोन मुली आठवतात. साहेबांच्या प्रकल्पाला ‘नाही’ कसं म्हणणार?

त्यामुळे ‘उरलेले भ्रूण चालतील, पण संशोधनासाठी मुद्दाम बनवलेले नकोत’ हा फरक मी मानते, पण वेगळ्या कारणासाठी. युरोप परिषदेच्या १९९७ च्या ओव्हिएडो करारात मुद्दाम बनवण्यावर बंदी आहे. ही बंदी भ्रूणाला नुसतं साधन करण्याला विरोध म्हणून सांगितली जाते. खरं तर भ्रूणाच्या बाजूने पाहिलं तर उरलेला काय आणि बनवलेला काय, शेवट एकच. फरक पडतो तो बाईच्या शरीराला. पैसे द्यावेत का यावरही एकमत नाही: कॅलिफोर्नियाने २००४ च्या योजनेत संशोधनासाठी बीजांचा मोबदला नाकारला, न्यूयॉर्कने २००९ मध्ये मान्य केला. मी डळमळीत आहे. मोबदला दिला तर गरजू बायकाच पुढे येतील. नाही दिला तर बाकी सगळे पगार आणि पेटंट घेणार, आणि एकटी तीच परोपकार करणार.

त्वचेच्या पेशींचं विचारलंत. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी चार जनुकं घालून भ्रूणजन्य पेशींसारख्या करून दाखवल्या, २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. क्लोनिंगसाठी बीजं गोळा करण्याची निकड त्यामुळे जवळपास संपली, आणि मला त्यांचं सर्वात मोठं नैतिक देणं हेच वाटतं. पण या नव्या पेशी खऱ्याच तशा आहेत का हे तपासायला भ्रूणजन्य मालिकाच मोजपट्टी म्हणून लागल्या. शिवाय प्रश्न नव्या रूपात आलेच. अशा पेशींपासून उंदरात स्त्रीबीजं बनली, त्यातून पिल्लं जन्मली. २०२३ मध्ये काही गटांनी शुक्राणू-बीजाशिवाय, नुसत्या स्टेम सेल एकत्र आणून, दोन आठवड्यांच्या मानवी भ्रूणाशी बरंच साम्य असलेली रचना बनवली. तिला चौदा दिवसांचा नियम लागू आहे का? फलनच झालेलं नाही, मग दिवस कुठून मोजायचे? अशी रचना कुठल्याही गर्भाशयात ठेवायला मार्गदर्शक तत्त्वांत बंदी आहे, ती योग्यच. पण ‘फलनापासून माणूस’ म्हणणारे आणि ‘चौदा दिवस’ म्हणणारे, दोघांचीही जुनी मापं इथे अपुरी पडतात.

रुग्णांबद्दल थोडं. सुरुवातीला जी आश्वासनं दिली गेली ती लाज वाटावी अशी होती. मणक्याच्या दुखापतीवरची गेरॉन कंपनीची पहिली चाचणी २०१० मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये पैशाच्या कारणाने थांबवली गेली. आता कुठे खरं काही दिसतं आहे: टाइप १ मधुमेहात स्टेम सेलपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशींचा पूर्ण डोस मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते, असे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, हेही त्याच दमात सांगायला हवं. दरम्यान भ्रूणाशी काडीचा संबंध नसलेल्या, पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन स्त्रियांची दृष्टी घालवली. भ्रूण नाही म्हणजे नैतिक अडचण नाही, या समजुतीवर असे धंदे पोसले जातात.

तुम्ही स्वतः अशा निर्णयाशी आला असाल, तर सही करण्याआधी विचारा: हे भ्रूण कुणाकडे जाणार, नवीन पेशीमालिका बनणार की फक्त भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास होणार, प्रस्ताव कुठल्या नैतिकता समितीने मंजूर केला, संमती कधीपर्यंत मागे घेता येईल, आणि विचारणाऱ्या माणसाचा तुमच्या उपचाराशी काय संबंध आहे. धड उत्तरं मिळाली आणि दोघांचं एकमत असेल, तर द्यायला माझी काहीच हरकत नाही. उत्तरं मिळाली नाहीत तर तो रकाना कोरा ठेवा. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये भ्रूणाचं वय वाढत नाही, त्यामुळे ‘आत्ताच ठरवा’ म्हणणाऱ्याला घाई असेल ती त्याच्या प्रकल्पाची किंवा साठवणुकीच्या मुदतीची. मुदतीचीच असेल तर ती तारीख लेखी मागून घ्या.